दमाजी कासवाला घरात घेण्याबाबत

मेडशी, बुधवार

तीर्थरूप सौ. आवडाबाईस,

धाकटा भाऊ हरीओम याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक, म्हणजे बाबांचा गुडघा आणि मायचं तोंड दोन्ही आपापल्या परीनं चालू आहेत. मानोऱ्याला भाऊजींचं पोट कसं आहे? (लग्नाच्या पंगती कमी करायला सांग. पोटाला औषध नाही, लाज हवी.) तुझ्या सार्थकची सहामाही झाली असेल. पत्र पाहून दचकू नकोस. फोनच केला असता, पण स्पीकर लावल्याशिवाय फोन लागत नाही अशी मायची समजूत आहे, आणि मला बोलायचं आहे ते तिच्याचबद्दल.

तर बाई, तुझा हा भाऊ पंचेचाळिशीला टेकला. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवून वाशीमच्या बाजारात विकतो, बँकेत स्वतःची सही स्वतः करतो, आणि त्याला एक कासव पाळायला मायबापाची परवानगी मिळत नाही. कासव माझ्या दोस्ताचं, धम्मरत्न मास्तरचं. त्याची बदली थेट कोकणात झाली आणि तिकडचा घरमालक माणसंच मोजून घेतो. कासव परदेशी जातीचं आहे, रीतसर कागदपत्रांसकट. (देशी असतं तर वनखात्याची गाडी मायच्या आधी दारात आली असती.) नाव दमाजी. मास्तरचं सामान सोमवारी हलणार. मी नाही म्हटलं तर तो त्याला कोणाकडे सोपवणार, हे त्यालाही माहीत नाही. परवा विचारताना तो रडलाच. पोरगी सासरी पाठवताना कोणी एवढं रडलं नसेल.

आता आपल्या पूज्य मातापित्यांच्या हरकती ऐक. माय म्हणाली, "कासव महादेवाच्या देवळात शोभते. घरात आनशीन त मंग नंदीही आन अन् पिंडही आन." हीच माय फुलचंदच्या वास्तुवस्तूंच्या दुकानातून पितळी कासव घेऊन आली आहे. (फुलचंद म्हणजे आपला तोच चुलतभाऊ, ज्याच्या स्वतःच्या घराचं दार अजून नीट लागत नाही.) त्या पितळी कासवाला रोज ताटलीत ताजं पाणी आणि वर जास्वंदीचं फूल. पितळी कासव काही खात नाही, म्हणून ते शुभ. जिवंत कासव मेथी खातं, म्हणून ते अशुभ. एवढंच शास्त्र.

बाबांची हरकत आणखी दूरची. "थे शंभर वर्स जगते म्हनते. तुह्या मांगं त्याले कोन पाहीन?" ज्या माणसानं उद्याच्या दुधाची फिकीर कधी केली नाही, तो पुढच्या शतकाची करून राहिला. मागच्या वर्षी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आंब्याची कलमं लावली, तेव्हा खाणार कोण हे विचारलं नाही. मी तसं बोललो, तर म्हणाले, आंब्याले कोनी नसलं तरी चालते. मग अडकित्ता काढून सुपारी कातरत बसले. म्हणजे सभा बरखास्त.

मी ठरवलं, बोलण्यात अर्थ नाही, दाखवू. भाजीच्या कॅरेटमध्ये घालून दमाजीला आणला आणि अंगणाच्या कडेला सोडला. मायनं तेव्हा नेमक्या बाबांच्या जुन्या धोतरावर मुगवड्या वाळत घातल्या होत्या. धोतराचा कोपरा वाऱ्यानं उडत होता, चष्मा घरात होता. तिनं जवळचा दगड उचलला आणि कोपऱ्यावर ठेवला. दगडाला मेथीचा वास आला आणि नखांत धोतर अडकवून तो चालू लागला. बाई, मायची वड्यांची सगळी मांडामांड हळूहळू मेथीच्या वाफ्याकडे निघालेली मी डोळ्यांनी पाहिली. माय आधी हात जोडून उभी राहिली. दगडाला तोंड आहे हे कळल्यावर तेच हात कमरेवर गेले, आणि मला ज्या शिव्या बसल्या त्या कागदावर मावत नाहीत.

शेजारच्या पंचफुलाकाकूनं मात्र फक्त हात जोडण्याचाच भाग पाहिला. दुपारपर्यंत ती हळदीकुंकू घेऊन हजर. लेकीच्या, वैभवीच्या, सोयरिकीचं विचारायला आली होती. मालेगावचा मुलगा, पंपाच्या जळालेल्या मोटारींची तार भरून द्यायचं स्वतःचं दुकान, स्वभावानं गरीब. काकूनं दमाजीसमोर वाकून विचारलं, सोयरीक जमन काय? एवढं मोठं कुंकवाचं बोट नाकाशी आल्यावर कोणीही करेल तेच त्यानं केलं, मान आत घेतली. काकूनं याचा अर्थ 'नाही' असा लावला आणि मुलाकडच्यांना तसं कळवूनही टाकलं. वैभवीला मुलगा पसंत होता. आता ती रडते, काकू आमच्याकडे बघत नाही, आणि बाबा म्हणतात, "मानसं तोडते हे जनावर. वापस नेऊन दे."

हे आपले शेजारी आणि हे आपले मायबाप. सगळ्यांत समंजस प्राणी कोण, ते तूच ठरव. म्हणून विनंती, रविवारी ये आणि दोघांना समजव. तुझं ते ऐकतात. माझं मात्र अजून बोलण्याचं वय झालं नाही.

तुझा अजाण भाऊ,
हरीओम

ता. क. शुक्रवार. पत्र खिशातच राहिलं, आता मानोऱ्याच्या एसटीत कंडक्टरजवळच देतो. काल दमाजी हरवला, फाटक मीच उघडं टाकलं होतं. माय म्हणाली, गेला तर बरं झालं, आणि कोबीचं एकेक पान उचलून पाहत फिरली. वैभवीनंही शोधला. (जाता जाता तिनं काकूला सांगितलं की कासवाला विचारण्याऐवजी मला विचारा. काकूचा फोन पुन्हा मालेगावला गेला आहे.) बाबा तो गुडघा घेऊन तुरीच्या बांधापर्यंत गेले. मी पोचलो तेव्हा ते खाली बसले होते, गळ्यातला शेला दमाजीच्या पाठीवर टाकला होता, आणि त्याला म्हणत होते, "पोरगं एकटं हाय, बापा. आमी आता लय दिवसाचे नाई. तू तेवढा टिकून राह्यजो त्याच्याजवळ." मी खोकलो. बाबा म्हणाले, शिव्या देत होतो याले. संध्याकाळी जाहीर केलं, कासव राहील. तेव्हा समजवायला येऊ नकोस.

ता. क. दुसरा. तरीही ये. परवानगी मिळाली ती कासवाला, मला नाही. पाला माय घालते. मी हात धुऊन गेलो तरी ती हातांना फवारणीच्या औषधाचा वास येतो म्हणते आणि परत पाठवते. ते सोसेन. पण बाबा जेवता जेवता थांबतात आणि विचारतात, हरीच्या मांगं कोन? म्हणून रविवारी सार्थकला घेऊन ये. त्यानं बाबांसमोर एवढंच म्हणायचं, मामाच्या मागं दमाजीला मी पाहीन. आणि म्हणताना हसायचं नाही, हे त्याला एसटीतच बजाव.