हातातली गिरणी

माय, आज बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या नळीवर हात ठेवला अन् तुझं डावं मनगट आठवलं. इथं समुद्राकाठी, घरापासून लई लांब, गॅस फिरतोय का ते मी बोटांनीच बघतो. डायलिसिससाठी डॉक्टरनं तुझ्या मनगटातल्या शिरा जोडल्या, तवा तू माझी बोटं धरून तिथं ठेवलीस. कातड्याखाली नुसती घरघर. "बघ, पिठाची गिरणी बसवलीय. दळण घेऊन ये," म्हणून हसलीस. पुढं गावी आलो की आधी तुझ्या मनगटाला कान लावायचो, मग चहा.

ताईच्या हळदीला मी गेवराईच्या बाजारातून हिरवा चुडा आणला. दुकानदारानं माप विचारलं, मी लगेच सांगितलं, सव्वादोन. तू ऊस तोडायचीस तवाचं माप ते. गिरणीच्या डाव्या हातात काही घालायचं न्हाई, हे सिस्टरनं मला दोनदा सांगितलं होतं. तू उजवा हात भरलास अन् डावा पदराखाली घेतलास. पण आत्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाली, "नवरा जिता असताना हात मोकळा कावून गं?" तू पदर आणखी पुढं ओढलास. मला राग आला तो आत्याचा न्हाई, तुझ्या त्या मोकळ्या हाताचा. साबण आणला. "एका दिवसानं काय व्हतंय, माय," म्हणत मीच त्या हातात बांगड्या चढवल्या. तू ओठ दाबलेस, हात मागं घेतला न्हाईस.

दुसऱ्या दिवशी ताईची पाठवणी झाली अन् मी कान लावला. गिरणी बंद. रुतलेल्या बांगड्या एकेक करून वाढवल्या, तरी बंद.

बीडच्या सर्जननं मनगट चाचपलं. गुठळी काढून बघू. न्हाई जमलं तर कोपराजवळ नवा जोड, तो पिकून सुई घेण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने. शीर बारीक निघाली तर प्लास्टिकची नळी. तोवर मानेत नळी घालून डायलिसिस. मग विचारलं, "हाताला काही आवळलं होतं का?" मी फरशीकडं बघतोय. तू म्हणतेस, "न्हाई साहेब, झोपंत अंगाखाली आला. लगीनघर, पडले कुठंबी."

गुठळी निघाली न्हाई. कोपरातली नवी गिरणी घरघरायला लागली, पण ती पिकायच्या आधीच मानेतल्या नळीतून ताप अंगात शिरला. त्या तापातबी तू माझी बोटं कोपरावर ठेवलीस. "ही चालू हाय. जा आता कामावर." अन् मी गेलो. मला कुठं बसवतंय एका जागी.

बा अजून पाव्हण्यांना सांगतो, ती झोपंत हातावर पडली. मी शेजारी बसून मान डोलावतो. हा कागद तुझ्या फोटोमागं ठेवणार होतो. पण फोटो रोज बाच पुसतो.