काळा ट्रक आणि विहीणबाई

८ जून, शनिवार

पाचजण! जेवताना मिहीर म्हणाला, "आई, बाबांचा कॅम्पिंगचा ट्रेलर तीन वर्षं नुसता उभा आहे. एखादा जुना पिकअप ट्रक घेऊ, ट्रेलर जोडू आणि कोलोराडोला जाऊ. सगळे पाचजण." आनंदाने ठसकाच लागला मला. प्रताप गेल्यापासून याच वाक्याची वाट बघत होते. मग मनात मोजलं – मिहीर, सूनबाई अबोली, नात अनया, मी. चार. पाचवी कोण? विहीणबाई! नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या कांचनबाई!

९ जून

अनयाची "आज्जी" म्हणजे कांचनबाई. मी कोण? "ग्रँडमा." दहा वर्षं पियानोला, स्विमिंगला नेलं-आणलं मी! कानामागून आली आणि तिखट झाली.

आज म्हणे, "वीणाताई, ट्रेलरमध्ये मी खिडकीपाशी झोपीन हं!" ती प्रतापची जागा आहे. आयत्या बिळावर नागोबा! नागोबा कसला, अजगर. सोफ्यावरून उठताना दोन माणसं लागतात हात द्यायला.

१५ जून

मिहीरबरोबर अर्विंगला जुन्या गाड्यांच्या लॉटवर गेले. दोन ट्रक पसंत पडले. एक पांढरा – कुणा काँट्रॅक्टरचा, कापडी सीट्स, मागे शिडीचे ओरखडे, काही म्हणता काही चैन नाही. दुसरा काळा – लेदर, सनरूफ, टीव्हीएवढा स्क्रीन. सेल्समन म्हणाला, तुमचा ट्रेलर दोन्ही ओढतील. ओढतील रे बाबा! पण ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं, हे प्रतापने मला हजारदा ऐकवलंय. ड्रायव्हरच्या दाराच्या आत एक स्टिकर असतो. माणसं, सामान आणि हुकावर टेकणारा ट्रेलरचा भार – सगळं मिळून किती चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं.

चष्मा पुसायच्या निमित्ताने दोन्ही वाचले. पांढऱ्यात पाचजण आरामात. काळ्यात चारच – लेदर, सनरूफ, सगळ्या श्रीमंतीचं वजन त्याच्याच अंगावर! सीट्स पाच, पण पाचवं माणूस बसलं की वजन हद्दीबाहेर.

मिहीर पांढऱ्याभोवती घोटाळत होता. "आई, बाबांनी कुठला घेतला असता गं?"

"काळा," मी म्हणाले.

पापणीसुद्धा लवली नाही माझी. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगून सांगून कमावलेला चेहरा आहे, रिटायर झाले म्हणून काय झालं!

१९ जून

काळा ट्रक दारात आला. अनया सनरूफमधून डोकं काढून ओरडतेय. कांचनबाईंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ड्राइव्हवेवर नारळ फोडला. फोडा, फोडा!

२२ जून

गंगेत घोडं न्हालं!

जेवण झाल्यावर सहज आठवल्यासारखं म्हटलं, "मिहीर, दाराचा स्टिकर बघितलास का रे?" आणि सगळा हिशोब मांडला – हुकावरचा भार, कूलर, पाण्याचे कॅन, एकेकाचं वजन. कांचनबाईंना मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं. "सांगा की, लाजताय काय!" बाई हसल्या, पण कान लाल झाले.

"एक माणूस जास्त होतंय," मी म्हणाले. "सेफ्टीचा प्रश्न आहे."

अबोली ताटं उचलता उचलता थांबली. शेवटी कांचनबाईच म्हणाल्या, "राहते नं मी घरी! त्यात काय होते? तुम्ही जा, पोरगी किती खूश आहे." अनया रडत वर पळाली – "इट्स नॉट फेअर!" रडेल दोन दिवस. डोंगर दिसले की विसरेल.

मिहीर माझ्याकडे बघत राहिला. बघू दे! मी श्रीखंड पुन्हा वाढून घेतलं. कांचनबाईंनीच केलेलं. छान झालं होतं मेलं!

२३ जून

बॅग भरली. प्रतापचं जाकीट घेतलं. तिकडे रात्री गारठा असतो.

२४ जून

मिहीर खोलीत आला. बसला नाही.

"लायसन्स मिळालं तेव्हा बाबांनी आधी तो स्टिकर वाचायला शिकवलं मला," म्हणाला. "लॉटवर मी दोन्ही वाचले होते, आई. काळा नाही चालणार असंच वाटलं. पण तू म्हणालीस, बाबांनी काळा घेतला असता. म्हटलं, आईला जास्त माहीत. मीच चुकत असेन."

"तेव्हा लक्षात नाही आलं रे. वय झालं आता."

"परवा तर सगळं तोंडपाठ होतं तुला."

दार हळूच लावून गेला. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. घाबरलेय मी – खरंच घाबरलेय. ट्रक परत करायची मुदत अजून आहे म्हणे, खाली अबोलीशी बोलत होता. पण पोटचा पोर आहे. किती दिवस राग धरेल?

२९ जून, शनिवार

काळा परत करून मिहीरने पांढरा आणला. पाचजण आरामात बसतात.

सकाळी चौघं गेली.