खलिता क्रमांक एकतीस

लिस्बन, ९ जुलै १७९३

तीन पानी खलिता, त्यातलं दीड पान गुडघ्याबद्दल! थंड पाण्याने शेकावा की गरम, यावर फिलाडेल्फियातल्या आमच्या अमेरिकी सरकारने आता विचार करायचा म्हणे. बरं, आमचा म्हातारा दूत लिहितो एकदाच. मूळ पत्र त्याच्या हातचं, ते पहिल्या जहाजाने जातं. माझ्या हातच्या दोन नकला पुढच्या दोन जहाजांनी – एक बुडालं तर दुसरं पोचावं म्हणून. तिसरी नकल इथल्या वहीत. म्हणजे गुडघा त्याचा आणि दुखणार मला, तोही तीनदा.

१४ जुलै

दरबारात मेजवानी. सगळे जरीच्या कोटात आणि आमचे मि. बार्नाबस थ्रॅशर, अमेरिकेचे दूत, त्याच तपकिरी कोटात. बाहीवर सांडलेल्या सूपचा डाग मागच्या मेजवानीपासून तसाच! एका उमरावाच्या बायकोला त्याने कॉड मासा खारवायची पद्धत सांगितली – कापण्यापासून वाळवण्यापर्यंत. ती मान डोलवत होती. मी खांबाआड उभा राहिलो.

तीस वर्षं तिकडे मार्बलहेडच्या बंदरात खारे मासे विकले या माणसाने. कुणाच्या डोक्यातून याला दूत करायचं निघालं, देव जाणे.

हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार – गेल्या हिवाळ्यापासून मी नकला सुधारतो आहे. इथली ओळ उडव, तिथला परिच्छेद काप. म्हाताऱ्याचे डोळे अधू, न वाचताच सही ठोकतो. “तू लिहिलंस ना लूमिस, मग ठीकच असणार.” मूळ पत्र गबाळं ते गबाळंच जातं. पण फिलाडेल्फियात कुणी ते माझ्या नकलेशेजारी ठेवून पाहिलंच, तर बरंच आहे. या कचेरीत डोकं कुणाचं चालतं ते तरी कळेल.

१७ जुलै

आईचं पत्र. धाकटा भाऊ एसा ‘पेशन्स’ जहाजावर खलाशी म्हणून लागला. एकोणीस वर्षांचा झाला! सप्टेंबरअखेर निघून इकडे कादिझ बंदरात गहू घेऊन येणार. माझ्यासाठी मोजे आणि एक चीज पाठवते आहे – वाटेत तोच खाऊन टाकेल, लिहून ठेवा. आई विचारते, अल्जियर्सच्या चाच्यांची भीती नाही ना?

तिला कळवलं: पोर्तुगालचं आरमार सामुद्रधुनीच्या तोंडाशी उभं आहे, चाच्यांना बाहेर पडायला वाटच नाही. हाच प्रश्न आपल्या सरकारनेही म्हाताऱ्याला विचारला आहे. व्यापाऱ्यांना उत्तर हवंय.

२० जुलै

हद्द झाली!

मागच्या दाराशी जोआकिना नावाची कोळीण सार्डिन घेऊन येते. सरकारी कामं बाजूला टाकून म्हातारा तिच्याशी गप्पा छाटतो. तिचा मुलगा त्या आरमारात आहे. आज ती टोपली खाली न ठेवताच सुरू झाली, “अहो साहेब, माझा पोरगा येतोय! संत मायकेलच्या सणाला, सप्टेंबर सरता सरता, सगळी जहाजं घरी. मी त्याची गादीसुद्धा उन्हात घातली बघा.”

“कोण म्हणालं तुला?” म्हातारा.

“कोण म्हणणार? त्यानेच कळवलं. आमच्या दरबारातले दिवाळखोर मेले, अल्जियर्सवाल्यांशी तह करतायत म्हणे. मला काय त्याचं? माझा पोरगा आला म्हणजे झालं.”

यावर म्हाताऱ्याने खलिता क्रमांक ३१ मध्ये अख्खा परिच्छेद लिहिला! बाईने गादी उन्हात घातली आहे, आई उगाच गादी बाहेर काढत नाही, मी हिचा शब्द मानतो, तरी आपली जहाजं बंदरातच थांबवावीत. राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर कोळणीची गादी!

उगाच शंका नको म्हणून दरबारातल्या एका कारकुनाला विचारून आलो. तो पोट धरून हसला. “तुमच्याकडे राज्याच्या बातम्या मासळीबाजारातून येतात वाटतं?” मान खाली घालून परतलो.

माझ्या तिन्ही नकलांत गादी नाही. तो परिच्छेदच नाही. खलिता दीड पानात कसा चोख बसला.

२ ऑगस्ट

तिन्ही जहाजं गेली. मूळ पत्र कॅप्टन ग्रिनेलकडे.

२९ ऑगस्ट

हसून हसून पोट दुखलं. ग्रिनेलचं वाटेतल्या फायाल बेटावरून पत्र. युद्धाचे दिवस, म्हणून खलित्याच्या पिशवीत शिशाचे गोळे घालून देतो आम्ही – शत्रूचं जहाज दिसलं तर सरळ समुद्रात टाकायची, हा नियम. या शूराला लांबून एक शीड दिसलं. फ्रेंच लुटारूच! टाकली पिशवी. जवळ आलं तेव्हा मीठ नेणारा डेन्मार्कचा गलबतवाला, तोही पिण्याचं पाणी मागायला आलेला!

म्हणजे मूळ क्रमांक ३१ माशांच्या पोटात. योग्य ठिकाणी गेला म्हणायचा. आता फिलाडेल्फियाला पोचणार ते फक्त माझं लेखन. देव आहे!

म्हातारा शांतपणे म्हणाला, “नकला गेल्यात ना? मग काळजी नाही.”

१२ सप्टेंबर

म्हातारा सकाळपासून चुळबुळत होता. शेवटी म्हणाला, “लूमिस, त्या आरमाराचं पुन्हा एकदा लिहावं का रे?”

“साहेब, एकतीसमध्ये ते आलंय. तेच तेच लिहिलं तर हसतील लोक.”

“हो, तेही खरंच,” म्हणाला आणि गुडघा चोळत बसला. माझ्यावर इतका विश्वास टाकणाऱ्याची कीव करावी की काय करावं? आणि मी खोटं कुठे बोललो? एकतीसमध्ये होतंच ते.

६ ऑक्टोबर

सकाळी नदीत डोलकाठ्याच डोलकाठ्या. आरमार परत आलं.

तह झाला. चाच्यांना सामुद्रधुनी उघडी. जोआकिना मुलाला घेऊन आली, टोपलीभर सार्डिन फुकट ओतून गेली. म्हाताऱ्याने त्या मुलाला मिठीच मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बरं झालं बाबा, आपण वेळेवर कळवलं. आपली जहाजं तरी बंदरात सुरक्षित असतील.”

मी हो म्हणालो.

एसा निघाला नसेल. गहू यंदा उशिरा आला असेल. कप्तान आजारी पडला असेल. शंभर कारणं असतात जहाज न निघायची.

७ ऑक्टोबर

तो दरबारी कारकून रस्त्यात भेटला. मला पाहून टोपी काढली आणि पलीकडच्या बाजूला गेला. गाढव! सगळं त्याच्यामुळे.

१९ ऑक्टोबर

जेवण जात नाही. म्हातारा म्हणतो सार्डिन बाधल्या.

३० नोव्हेंबर

अल्जियर्सहून यादी आली. पकडलेली जहाजं, पकडलेली माणसं. म्हाताऱ्याला दिसत नाही, मीच वाचून दाखवायची. चौथं जहाज ‘पेशन्स’. कप्तान, सुतार, आचारी. मग एसा लूमिस, वय एकोणीस, बेड्या घालून दगडाच्या खाणीवर.

म्हाताऱ्याने चष्मा काढला. “आडनाव तुझं आहे.”

“भाऊ माझा.”

त्याने खुर्ची ओढत ओढत माझ्याशेजारी आणली आणि माझा हात धरून बसला. त्याचा तळवा अजून खरखरीत आहे, मिठाने चिरलेला. मला हात सोडवून घ्यायचा होता. जमलं नाही.

११ डिसेंबर

फिलाडेल्फियाचं उत्तर आलं, सप्टेंबरचं, वाटेत रेंगाळलेलं. मीच वाचून दाखवलं.

“आपल्या क्रमांक ३१ च्या नकलेत धोक्याची कोणतीही सूचना नसल्याने, मार्ग निर्धोक असल्याचे व्यापाऱ्यांस कळविण्यात आले आहे. आपल्या खलित्यांची अलीकडील आटोपशीर शैली वाखाणण्याजोगी आहे.”

वाखाणण्याजोगी! याच शब्दासाठी वर्षभर झुरलो होतो मी.

म्हाताऱ्याने नकलवही मागितली. मी काढून दिली. भिंग घेऊन, बोट ठेवत, एक एक ओळ वाचली त्याने. शेवटपर्यंत गेला, पुन्हा वर आला. तीनदा. मी समोर उभा होतो.

“गादीचं लिहिलं होतं रे मी... अगदी आठवतंय मला.” मग वही मिटली. “नाही. तू काही वगळायचा नाहीस. मीच लिहायचं विसरलो. म्हातारा झालो लूमिस, डोकं गेलं माझं.” आणि रडायला लागला. “तुझ्या आईला कुठल्या तोंडाने कळवू? पोराला मी घालवलं तिच्या.”

तोंड उघडलं मी. खरंच उघडलं. पण कचेरीतली जागा सोडवली नाही, नाव सोडवलं नाही, आणि आईने ते वाचावं ही कल्पनाच सोसवली नाही. मिटलं.

एवढी पानं भरली त्याची टर उडवून. या घरात नालायक माणूस एकच आहे, आणि तो आत्ता ही रोजनिशी लिहितो आहे.

म्हाताऱ्याने संध्याकाळपर्यंत बसून राजीनामा लिहिला. कागद माझ्या हातात दिला. “नेहमीसारख्या नकला कर. नि तुझ्यासारखा माणूस माझ्या जागी घ्यावा, असंही लिहिलंय मी शेवटी.”

१२ डिसेंबर

दोन नकला आणि वहीतली एक आज दुपारी पूर्ण केल्या. ‘दोष सर्वस्वी माझा आहे’ हे वाक्य तिन्हींत आहे. एक अक्षरही गाळलं नाही.