दवंडी कुणी द्यायची

८ एप्रिल ७४, सोम.
नगरपालिकेच्या पत्रकाचा दुसरा अंक निघाला. एक पान, पाठपोट. सायक्लोस्टाइलची शाई दोनदा साबण लावूनही बोटांवरून जात नाही. सुमन म्हणते, ताटाला हात लावू नका. मजकूर सगळा माझा. नळाच्या बदललेल्या वेळा, देवीची लस, सायकलींचे बिल्ले, आणि खाली चौकटीत ‘उन्हाळी कार्यक्रम’ : मुलांची चित्रकला, कबड्डीचे सामने, बायकांसाठी शिवणवर्ग, शनिवारी शाळेच्या मैदानात पडद्यावर सिनेमा. चौकटीला वेल काढली होती. मुख्याधिकारी म्हणाले, “साळवे, वेल कशाला? जागा खाते.”
वेल खोडली. ३१ मेला माझी प्रोबेशनची दोन वर्षं पुरी होतात आणि कायम करायचा हुकूम मु.अ.नीच काढायचाय. नाहीतर सांगितलं असतं वेल कशाला ते.

१० एप्रिल, बुध.
सकाळी कचेरी उघडायच्या आत गावठाणातल्या बायका रिकामे हंडे घेऊन दारात. आपण पाण्याची वेळ सकाळची संध्याकाळ केली, या पहाटे पाचपासून नळावर बसून. मी म्हटलं, पत्रकात आहे की ठळक. एक बाई म्हणाली, “कुठं हाय?” शाळेच्या भिंतीला. “आमी काय शाळंत जातू व्हय?” सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, पण लाजच जास्त वाटली. एवढा राबून अंक काढला तो कुणासाठी?
गावठाणातले सभासद तात्या तिथेच होते. “राव, कागदानं काय व्हतंय? पहिल्यासारखी दवंडी द्या. हलगी वाजली की म्हातारंकोतारंबी भाईर येतंय.”
मु.अ. नागपूरकडचे. त्यांना कल्पना एकदम पसंत. लोकसंपर्क हा त्यांचा आवडता शब्द.

११ एप्रिल, गुरु.
फाइल टेबलावर आली. मु.अ.चा शेरा : ‘गावठाणात पारंपरिक पद्धतीने दवंडी द्यावी.’ त्याखाली हेडक्लार्क काणे यांचं बारीक अक्षर : ‘अंमलबजावणी श्री. साळवे.’
काण्यांना विचारलं, मीच का? चष्मा पुसत राहिले. “पत्रक तुमच्याकडे, म्हणून दवंडीपण... शिवाय तुमच्या घरात...” वाक्य पुरं केलंच नाही.
करायला कशाला हवं होतं? याच गावठाणात बाबांनी बारा वर्षं हलगी वाजवून दवंडी दिली. त्यांच्या आधी आजोबांनी. आमच्या वस्तीकडेच होतं ते काम. धर्म घेतला तेव्हा सगळ्यांनी सोडलं, आम्हीही सोडलं आणि रेल्वे लाइनीच्या या बाजूला राहायला आलो. मी मॅट्रिक झालो, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, आणि फिरून तीच हलगी माझ्या टेबलावर, जावक क्रमांकासकट.
काणे वाईट माणूस नाहीत. त्याचाच जास्त राग येतो.

१५ एप्रिल, सोम.
काल जयंती. बाबांनी पांढरा सदरा घातला, मिरवणुकीत शेवटपर्यंत चालले. कंपनीत वॉचमन आहेत, रात्रपाळी करून आलेले, तरी. त्यांना दवंडीचं काही बोललो नाही. जयंतीच्या दिवशी ते कुठं सांगायचं.
सुमनला सांगितलं. ती म्हणाली, “नाही म्हणून लिहून टाका. लिहिता तर छान.” मी म्हटलं, कायम व्हायला दीड महिना राहिलाय. “मग हो म्हणून लिहा,” असं म्हणून आत गेली. माझ्याशी वाद घालायची तिची ही पद्धत. बोलायला जागाच ठेवत नाही.

१७ एप्रिल, बुध.
टिपणी लिहिली. चार मसुदे फाडले. पहिल्यात फार राग होता, दुसऱ्यात रडगाणं. तिसऱ्यात मी इतका नम्र होतो की वाचून माझीच मला चीड आली. चौथा साधारण दुसऱ्यासारखाच. पाचवा दिला : ‘सदर काम माझ्या पदाच्या कर्तव्यांत येत नाही. तसेच ते माझ्या कुटुंबाने विचारपूर्वक सोडलेले आहे. सबब मला त्यातून वगळावे. पर्याय म्हणून रिक्षावर लाउडस्पीकर लावून सूचना देता येतील.’
काणे म्हणाले, “‘विचारपूर्वक’ काढा हो. साहेबांना टोचेल.” नाही काढला.

२० एप्रिल, शनि.
फाइल परत. शेरा : ‘लाउडस्पीकर मंजूर.’ बस, एवढंच. टोचलंही नाही आणि कळलंही नाही. मु.अ.ना हलगी आणि लाउडस्पीकर यांत फक्त आवाजाचा फरक दिसतो. सुटलो याचा आनंद मानावा की...
संध्याकाळी मैदानात सिनेमा. कुटुंबनियोजनाचा माहितीपट आधी लावला तेव्हा मैदान रिकामं. मुख्य चित्र सुरू झाल्यावर बसायला जागा नाही.

६ मे, सोम.
ऊन मी म्हणतंय. चित्रकलेला पोरं बरी येतात. शिवणवर्गात दोन मशीन आणि बायकांची रांग, पुढची तुकडी आत्ताच भरली. कबड्डीत भोसरीकडच्या संघाशी आमच्याकडच्यांचं जुंपलं, पंचाची शिट्टीच कुणीतरी पळवली. पत्रकाच्या तिसऱ्या अंकात फक्त निकाल दिला.

१३ मे, सोम.
रेल्वेचा संप चालूच. काणे पुण्याहून सायकलीने येतात, अकराला पोचतात आणि बारापर्यंत वारा घेतात.
गावठाणात जुलाब-उलट्या. तीन मुलं दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, नळ कमी पडतो म्हणून लोक जुन्या विहिरीचं पाणी भरतात, ते नासलंय. विहिरीत औषध टाकलं. दोन दिवस कुणी ते पाणी प्यायचं नाही, नळाचंही उकळून प्यायचं. मी तासाभरात स्टेन्सिल कापून कागद चिकटवून आलो. परत येताना पाहिलं तर विहिरीवर रहाट चालू, आणि कागद रहाटाच्या खांबालाच लावलेला.

१४ मे, मंगळ.
सगळं लिहून ठेवतो.
स्पीकरची रिक्षा आली. स्पीकरवाला रफिक, लग्नाच्या वराती आणि टॉकीजच्या जाहिराती करणारा. मी मजकूर दिला, शेजारी बसलो. त्याने सवयीप्रमाणे गळा काढला : “गावकरी बंधूंनो! आजच! फक्त दोन दिवस! विहिरीचे पाणी पिऊ नका, पिऊ नका, पिऊ नका!” आधी एक गाणंसुद्धा लावलं. पोरं रिक्षामागे धावायला लागली. एका घरातून विचारणा झाली, “कंचा पिच्चर हाय?” रफिक आणखी खुलला. विहिरीवरच्या बायकांनी नुसतं वळून पाहिलं आणि पोहरा पुन्हा खाली सोडला.
सकाळी दवाखान्यात आणखी एक मूल दाखल झालं होतं. सलाइनची सुई टोचताना त्याला रडायचंही त्राण नव्हतं, मी पाहून आलो होतो.
मी रफिकच्या हातातून माइक घेतला. ठरवून घेतला असं नाही म्हणता येणार. गाणं बंद करायला लावलं. म्हटलं, “ऐका. नगरपालिकेची सूचना आहे. विहिरीचं पाणी नासलंय. त्यानं चार पोरं आजारी आहेत. हंडे ओता.” मग नावं घेतली मुलांची, आयांची नावं घेतली, आळी सांगितली. तेच पुन्हा. चार चौकांत. लोक बाहेर आले. विहिरीवरच्या बायकांनी खरंच हंडे ओतले, चिखल झाला. पारावरचा एक म्हातारा उठून जवळ आला, माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, “गंगारामाचा का रं तू? आवाज त्योच. डिट्टो.” बाबांचं नाव त्या गावात इतक्या वर्षांनी ऐकलं.
छान वाटलं. खोटं कशाला लिहू? माझ्या पत्रकाने तीन अंकांत जे केलं नाही ते अर्ध्या तासात झालं.
परत निघताना वरच्या आळीची एक आजी फडक्यात भाकरी-चटणी घेऊन आली. “घे बाबा, घसा सुकला आसंल.” प्रेमानेच म्हणाली. मी दोन्ही हात पुढे केले. तिने भाकरी वीतभर उंचावरून टाकली. आपण तसं करतोय हे तिला कळलंसुद्धा नसेल. पण माझे हात ओंजळीसारखे जुळले होते, आणि ते मला कुणी शिकवलेलं नाही.
भाकरी रफिकला दिली. त्याने खाल्ली. चटणी झणझणीत आहे म्हणाला.

१५ मे, बुध.
सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “माइक घेतलात ते बरोबर केलंत.” मग थोड्या वेळाने, “हात का पुढे केलेत?” दिवसभर हात खिशात.

१८ मे, शनि.
मुलं घरी आली, चौघंही. नवीन आजारी नाही. मु.अ.नी सभेत माझं नाव घेतलं. तात्यांनी पाठ थोपटली. “मी म्हणलं न्हवतं? दवंडी ती दवंडीच!”
बाबांना कळलंय. पिंपरीच्या बाजारात गावठाणातलं कुणीतरी भेटलं असणार. मला काही विचारत नाहीत. जेवताना पूर्वी कंपनीतल्या गमती सांगायचे, आता तेही बंद. मीही विषय काढत नाही.

२७ मे, सोम.
हुकूम आला. मी कायम.
आणि खाली कर्तव्यांच्या यादीत, अकराव्या ओळीत : ‘गावठाण विभागात जाहीर सूचना देणे. हे काम, आजवरचा उत्तम अनुभव पाहता, श्री. साळवे यांजकडे कायम राहील.’ त्याखाली ‘मान्य’ आणि सहीची जागा.
काण्यांना म्हटलं, हे काय आहे? म्हणाले, “अहो, साहेब खूश आहेत म्हणून तर घातलंय! तुमची कदर केलीय. आणि तुम्हीच तर आपणहून...” हे वाक्यही त्यांनी अर्धंच सोडलं, पण या वेळी ते चुकीचं नव्हतं. घेतला होताच की मी माइक.
त्या दिवशी पोरं मरत होती. उद्यापासून कुत्र्यांच्या लायसनसाठीही मीच ओरडत फिरायचं. आणि माझ्यानंतर त्या खुर्चीत आमच्यापैकीच कुणाला बसवतील, ‘अनुभव’ म्हणून.
सही दिली नाही. दोन दिवस मागितले.

२९ मे, बुध.
काणे : “ओळीसाठी अडून बसू नका. सही नाही तर हुकूम परत जाईल, मग साहेबांचं काही सांगता येत नाही. प्रोबेशन वाढवतील, नाहीतर...” शुक्रवारी अकरापर्यंत मुदत.
तात्या भेटले. त्यांना खरंच वाईट वाटलं. “तुमचा मान हाय त्यो, साळवे. गाव तुमचं ऐकतं.” गाव माझं ऐकतं हे खरं आहे. म्हणूनच तर इतकं अवघड जातंय.


३० मे, गुरु.
संध्याकाळी बाबा ड्यूटीवर निघायच्या आधी हुकूम त्यांच्यासमोर ठेवला. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. अकरावी ओळ दोनदा वाचायला लावली. मग खाटेवर बसले, टोपी काढली.
“माझी शेवटची दवंडी तुला ठावं हाय का?”
मला ठाऊक नव्हती. दवंडी सोडली एवढंच माहीत. मला वाटायचं, एक दिवस गेले नाहीत, झालं.
म्हणाले, “न्हाई. तसं न्हाई सोडलं. धर्म घेतल्यावरचा उन्हाळा. चावडीम्होरं हुबा ऱ्हायलो, वाजवली. समदं गाव गोळा. म्हणलं, ऐका हो ऐका, उद्यापासनं दवंडी हुनार न्हाई. आमी मानसं हाय. आमचं काम आमी ठरवू. हलगी पायरीवं ठेवली न् घरला आलो.”
मी विचारलं, मग?
“मग काय! दुसऱ्या दिसापासनं चक्कीत दळान न्हाई, दुकानात मीठ न्हाई, कुनाच्या रानात काम न्हाई. अडीच म्हैनं. तुज्या आयनं काय काय उकडून खाल्लं त्ये तिलाच म्हाईत. तुला मावशीकडं धाडला. म्हणलं, लेकरू तरी जेवंल.”
मी नऊ वर्षांचा होतो. देहूरोडला मावशीकडे तो सबंध उन्हाळा. आंबे, विहिरीत पोहणं, मावसभावांबरोबर हुंदडणं. आजवर सगळ्यांना सांगत आलो, सुमनला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं, की माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची सुट्टी ती. मुलांच्या उन्हाळी कार्यक्रमाची टिपणी लिहिली तेव्हाही डोळ्यांपुढे तीच होती. आई वारली तोवर मी तिच्यासमोरही तेच सांगायचो आणि ती हसून ऐकून घ्यायची. एकदाही म्हणाली नाही की...
हुकूम घडी करून ठेवला. बाबांना म्हटलं, मी काय करू, तुम्ही सांगा.
त्यांनी टोपी घातली, डबा घेतला. दारात म्हणाले, “मला निस्तं बोलाया येत हुतं. तुला लिवाया येतं.”
बाबा गेले. कोरा कागद घेऊन बसलोय. वर ‘प्रति, मा. मुख्याधिकारी’ एवढं लिहून झालंय. सुमनने दिवा जवळ आणून ठेवला. उद्या अकराला काणे सही मागणार.