आईचा 'ना'

टोकरखाडा, सिल्वासा
१६ जून, रविवार

चि. धनश्री,

आशीर्वाद. मी बरा आहे. मंगेशरावांचा खांदा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, व्यायाम मधेच सोडू नका.

इकडे घर जागच्या जागी आहे. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलून घेतला. आईचं बघायला यायची ती गुड्डी अजून येते. तिचा नवरा मसाटच्या कारखान्यात जाताना तिला इथे सोडतो. ती पोळीभाजी करून जाते. भाजीत हळद फार घालते, पण मी काही बोलत नाही.

तुझा मेसेज चार तारखेलाच वाचला. "बाबा, आई त्या दिवशी नक्की काय म्हणाली?" एवढंच लिहिलं होतंस. मी दोन-तीनदा उत्तर टाइप करायला घेतलं आणि पुसलं. फोनवर तू "हॅलो" म्हणालीस की मला पुढचं सुचत नाही. म्हणून पत्र लिहितो आहे.

आधी एक वेगळंच सांगतो. शुक्रवारी स्नेहल आली होती. आईच्या शाळेत नवीन लागली होती ती. आता शाळा सांभाळून आपल्या भागाची मतदार यादी बघते. आईचं नाव यादीतून काढायचा फॉर्म घेऊन आली होती. फॉर्म पुढे करताना तिला अवघड वाटत होतं.

"सर, घाई नाही. मृत्यूचा दाखला जोडला की झालं."

मी विचारलं, "मग तिचं या वेळचं मत?"

"ते तर गेलं ना पेटीत."

"मतदानाच्या दिवसाआधी माणूस गेलं तरी?"

"राहतं, सर. म्हणजे, राहत असणार." मग म्हणाली, "साहेबांना विचारून सांगते हं."

ती चहा न घेता गेली. फॉर्म टेबलावर आहे. मी अजून भरलेला नाही.

त्या मतदानाबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आईला मतदान केंद्रावर नेणं शक्यच नव्हतं, म्हणून स्नेहलनेच अपंगत्वाचा दाखला लावून घरून मतदानाचा अर्ज भरून घेतला होता. २७ एप्रिलला सकाळी पाच-सहा माणसं आली. अधिकारी, एक पोलीस, एक कॅमेरावाला, बरोबर स्नेहल. पलंगावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आईला गुड्डीने शाळेतली निळी साडी नेसवली होती, केस विंचरले होते. तिचं तोंड वाकडं झालं होतं तरी ती मुख्याध्यापिकेसारखीच दिसत होती.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "काका, मॅडम जाते करशे?" म्हणजे स्वतः करतील का.

मी म्हणालो, "नाही, मीच करतो."

आईचा उजवा हात गेला होता. डावा चालत होता, हे तुला माहीत आहे. त्याच हाताने ती माझा चष्मा नाकावर सरळ करायची. तरी मी नाही म्हणालो. त्यांनी मला सोबती म्हणून एक कागद दिला. मतदाराच्या सांगण्याप्रमाणे मत नोंदवीन आणि ते गुप्त ठेवीन, असं त्यावर होतं. मी सही केली. म्हणून इथेही कोणाचं नाव किंवा चिन्ह लिहीत नाही. तुला अंदाज असेलच, तो तुझ्याजवळ ठेव.

आमची दोघांची मतं कधी जुळली नाहीत. दर निवडणुकीला आम्ही एकाच स्कूटरवरून जायचो, आणि परत येताना ती म्हणायची, "झालं? आपण दोघं घरी बसलो असतो तरी निकाल तोच!" पण घरी बसायची नाही.

तर आडोशाच्या आत मी तिच्यासमोर कागद धरला आणि एकेका नावावर बोट ठेवत गेलो. ती गप्प होती. मग मी ज्याला नेहमी मत देतो त्या नावावर बोट आलं, आणि ती म्हणाली, "ना."

जानेवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्याजवळ तो एकच शब्द उरला होता. मी समजलो, हा नको. पस्तीस वर्षं ती नकोच म्हणत आली होती. मी पुढे सरकलो आणि तिच्या नेहमीच्या नावापुढे खूण केली. कागद आतल्या पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात. मी पाकीट चिकटवत होतो तेव्हा तिने डावा हात जोरात आपटला. आडोसा कलंडला. पोलिसाने तो झेलला.

स्नेहल म्हणाली, "बघा, मॅडम अजून वर्गाला शिस्त लावतायत."

सगळे हसले. मीही हसलो.

ते गेल्यावर आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारी जेवली नाही. मला वाटलं, दमली.

बाकी उद्या लिहितो.

१७ जून, सोमवार

काल थांबलो, कारण पुढे काय लिहायचं ते ठाऊक होतं.

तुला खानवेलची गोष्ट सांगितली होती का आम्ही? बहुतेक नसेल. आमच्या लग्नाला आठवडा झाला होता. मी गुहागरहून नोकरीसाठी इथे आलेला, आणि तुझी आई लहानपणापासून इथलीच, गुजराती शाळेत शिकलेली. मी विचारलं, "खानवेलला जाऊया?" ती म्हणाली, "ना." मला वाटलं, "जाऊया ना." स्कूटर काढली. ती मागे बसली. वीस किलोमीटर एक शब्द बोलली नाही. नदीपाशी उतरल्यावर म्हणाली, "माझं डोकं दुखत होतं. मी ना म्हटलं होतं."

"मग बोलायचंस."

"बोलले की! ना म्हटलं. तुमच्या कोकणात अजून काय म्हणतात?"

गुजरातीत "ना" म्हणजे सरळ नकार, हे मला तेव्हा कळलं. खूप हसलो दोघं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलताना नकार द्यायचा तर पूर्ण "नाही" म्हणायची. शेजारच्या बायकांना, भाजीवाल्याला, शाळेत मुलांना "ना" चालायचं. मला मात्र "नाही". कधी चुकली नाही. माझ्यासाठी तिचा "ना" म्हणजे "चल ना", "दे ना", "बस ना".

हे मला मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, तिला पेज भरवताना आठवलं. मी चमचा वाटीत ठेवला. बाकीच्या नावांवर ती गप्प होती, एकाच नावावर बोलली. पण तिला आता "नाही" म्हणता येतच नव्हतं, मग नकाराला तरी तिने काय म्हणायचं? आणि माझ्या माणसाला मत ती कशाला देईल? मला बरं वाटावं म्हणून? की चार महिने अंथरुणात पडून तिचं मतच बदललं होतं, आणि ते मला कळलं नव्हतं? मी तिला विचारलं, "विजया, मी चुकीचं केलं का?" ती म्हणाली, "ना."

तूच सांग, यातून मी काय समजायचं.

तू म्हणशील, कार्ड होतं की. हो, होतं. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी दिलेलं, एका बाजूला हिरवं "हो", दुसऱ्या बाजूला लाल "नाही". त्यांनी "नाही"मधला "ही" ऱ्हस्व काढला होता. आईने त्यावर बोट आपटून आपटून मला तो दीर्घ करायला लावला होता. इतकं तिला सगळं कळत होतं. मतदानाच्या वेळी मी ते कार्ड घेतलं नाही. मला वाटलं, हिच्या मताला कार्ड कशाला लागतं?

या महिन्यात मी कलेक्टर कचेरीत जाऊन आलो. त्या दिवशीचं शूटिंग बघायला मिळेल का, हे विचारायला. तिथला क्लार्क चांगला होता.

"काका, तक्रार आहे काय?"

"नाही. बायकोचा आवाज ऐकायचा आहे."

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "ते असं दाखवता येत नाही, काका. आणि कॅमेरा आडोशाच्या बाहेरून असतो. आतलं त्यात नसणार."

आत आम्ही दोघंच होतो. त्यातला आता मीच आहे.

धनश्री, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

५ मेला सकाळी साडेनऊला तिला श्वास पुरेना. गुड्डी म्हणाली, "अंकल, गाडी बुलाऊँ क्या?" मी आईजवळ वाकून विचारलं, "विजया, दवाखान्यात जायचं?"

ती म्हणाली, "ना."

गुड्डी म्हणाली, "आंटी मना कर रही हैं." तिच्या भाषेत त्याचा तेवढाच अर्थ होतो. मी म्हणालो, "हो." तेराव्यापर्यंत आलेल्या प्रत्येकाला गुड्डीने तेच सांगितलं आणि मी मान हलवली. तुलाही स्वयंपाकघरात मी तेच सांगितलं, "आई नको म्हणाली." तू माझ्याकडे बघितलंस आणि भांडी घासायला लागलीस. तेव्हापासून आपण नीट बोललो नाही.

ती नको म्हणाली नव्हती. ती "ना" म्हणाली. त्या एका शब्दाचे दोन अर्थ होतात, हे मला त्या सकाळी माहीत होतं. मतदानाच्या त्या "ना"ला आठच दिवस झाले होते. कार्ड खिडकीजवळच्या खिळ्याला होतं, पलंगापासून चार पावलांवर. मी उठलो नाही.

मनाला सांगतो की तिला पुन्हा नळ्या लावलेल्या मला बघवलं नसतं. ते खरं आहे. पण जानेवारीतले एकोणीस दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून मी थकलो होतो, आणि मला तो "ना" म्हणजे "नाही" असाच हवा होता. कार्ड आणलं असतं आणि तिने हिरव्यावर बोट ठेवलं असतं तर? म्हणून मी तिचा हात धरून बसलो, डावा. पावणेअकराला ती गेली, तोपर्यंत धरूनच होतो. लोक म्हणाले, शेवटपर्यंत हात सोडला नाही. तोच हात मोकळा हवा होता, हे मला फार उशिरा सुचलं.

डॉक्टर म्हणतात, नेलं असतं तरी फरक पडला नसता. पण तू ते विचारलंच नव्हतंस.

तिला काय हवं होतं, मला माहीत नाही. आधी ठाम वाटत होतं. आता सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. ७ मेला, सगळ्यांच्या मतदानाच्या दिवशी, सुतक होतं, मी गेलो नाही. या वेळी तिचं मत एकटंच गेलं, आणि ते तिचं होतं की माझ्या मनातल्या तिचं, तेही कळत नाही.

स्नेहलचा फॉर्म मला एकट्याने भरवत नाही. आणि कार्ड अजून खिळ्यालाच आहे, ते काढायचं की ठेवायचं, हे तुझ्यावर सोडतो. या महिन्यात जमेल तसं एकदा ये ना. हा मराठीतला "ना" आहे.

यायचं नसलं तरी मी समजेन. फक्त मग मला पूर्ण शब्द लिहून पाठव.

तुझा,
बाबा