तात्यांचा बिबट्या

८ फेब्रु., सोम.
तुळजापूरला देवदर्शन, असं आमचे पॅनेलप्रमुख तात्या म्हणाले होते. आळेफाट्यावर चहा झाला आणि नगरकडं वळायची ती जीप निघाली मंचरकडं. घोडेगावच्या पुढं, चहूकडून ऊस, मध्ये तात्यांच्या साडूचं फार्महाऊस. हे आमचं तुळजापूर!

शुक्रवारी ग्रा.पं.त उपसरपंचाची निवड. तात्या धरून आम्ही पाच, समोर चार. एक जरी फुटला तरी खेळ खल्लास, म्हणून कोंडून ठेवलंय. फोन सगळ्यांचे पत्र्याच्या डब्यात, किल्ली तात्यांच्या करदोट्याला.

आमचा उमेदवार सोपान, तात्यांचा पुतण्या. समोरून मंदा. मंदा म्हणजे माझी सख्खी जाऊ. दोघी दोन पॅनेलकडून उभ्या राहा, एक तरी येईल, हे घरच्यांचं डोकं. दोघी आलो. आता घरात चूल एक आणि पॅनेल दोन. साहजिकच इथं सगळ्यांची नजर माझ्यावर. कुसुममावशी पण आमच्यातल्याच सदस्य, त्यांना माझ्या खोलीत टाकलंय. राखणीला, हे न सांगताही कळतं.

९, मंगळ.
सकाळी विरोधी पॅनेलची पांढरी जीप फाटकासमोरून हळूच गेली. म्हणजे ठिकाण फुटलं. तात्यांनी विचारलं सगळ्यांना, बघितलं माझ्याकडं. लई राग आला. मावशींनी माझी बॅग उपसली. सापडली काय, तर मंदानं निघताना कोंबलेली शेंगदाण्याची चटणी. जप्त झाली. दुपारी तात्यांनी आणि आमच्यातल्याच पोल्ट्रीवाल्या दिलीपनं मिळून ती संपवली. "विरोधकांची आसली तरी चटणी झकास हाय राव," दिलीप म्हणाला.

संध्याकाळी तात्या धापा टाकत आत आले. "फाटकापाशी बिबट्या! आता कुणी भाईर पाय टाकायचा न्हाई."

१०, बुध.
तात्या अंघोळीला गेल्यावर मी आणि मावशी ठसे बघायला गेलो. नखं उमटलेली! बिबट्या नखं आत घेऊन चालतो, आमच्याकडच्या पोरासोरांना माहीत. हा तर साडूंचा कुत्रा. जुन्नरच्या माणसांना बिबट्याची भीती घालतात, कमाल आहे तात्यांची. हसून पोट दुखलं.

मावशी मग हळूच, "तू मत कुणाला देनार गं?"
"तात्यांना शब्द दिलाय."
"मीबी दिलाय. त्यांना. आन् तुज्या जावंलाबी."
मग सगळंच सांगितलं. पांढऱ्या जीपवाल्यांना पत्ताही मावशींनीच कळवलेला. दुसरा फोन कमरेला! माझी बॅग उपसताना तिथंच होता.
"मग देणार कुणाला?"
"त्येच तर तुला इचारतीये."
म्हणजे आता दोन मतांचं ओझं माझ्या डोक्यावर.

११, गुरु.
आमच्या जीपच्या ड्रायव्हरच्या मोबाईलवर उद्याचा फ्लेक्स आला. 'उपसरपंचपदी निवड झाल्याबद्दल'. सोपान अख्खा उभा, हात जोडलेले. तात्या खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. जेवताना सोपान म्हणाला, "तात्या, जरा पानी द्या." दिलं. पण त्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

मंदाची लई आठवण येतेय. माझ्या बाळंतपणात माझ्या वाटच्या धारा तिनं काढल्या, गरम पाणी हातात दिलं, कधी बोलून दाखवलं नाही. पण शब्द तात्यांना दिलाय, आणि शब्द मोडणारी बाई म्हणून गावात मला फिरायचं नाही. हात वर करून मतदान झालं तर मंदा समोर बसून बघणार. गुप्त मतदान मागता येतं. पण जो मागेल तोच फुटला, हे काय कुणाला कळत नाही? म्हणजे मागायचीही सोय नाही. मग उद्या

१२, शुक्र. ग्रा.पं. कार्यालय
घडलं ते असं. निवडणुकीच्या साहेबांनी विचारलं, "गुप्त मतदान कुणाला हवंय का?" मंदा समोर, नजर टेबलावर. आणि माझा हात वर गेला. माझी मीच दचकले. आता आमचे लोक मला खाणार, म्हणून भीत भीत मान वळवली तर मावशींचा हात वर. दिलीपचा वर. आणि तात्यांचासुद्धा! सोपान तात्यांकडं बघतोय, तात्या पंख्याकडं. मंदानं पदर तोंडात कोंबला. मलाही हसू आवरेना.

ग्रामसेवक चिठ्ठ्या कापतोय तेवढ्यात लिहून घेते. मावशी कोपरानं ढोसतायत, "कुणाला गं, कुणाला?" मला ठरवता आलं असतं तर सांगितलं नसतं का? काहीही झालं तरी संध्याकाळच्या भाकऱ्या मला आणि मंदालाच थापायच्यात, एका परातीत.

ऑफिसातलं पेन उमटत नाहीये. ग्रामसेवक माझं मागतोय. पहिलं मत माझंच म्हणे. दिलं पाहिजे