नव्या फटफटीविषयी अभिप्राय

४ मार्च १९३३, शनिवार

काय हा आवाज! चौथीच्या पोरांना त्रैराशिक घालत होतो, तोच रेवसच्या रस्त्याकडून फट् फट् फट् - आणि वर्ग रिकामा. छडी घेऊन मी एकटाच फळ्यापाशी. बाहेर जाऊन बघतो तर आमचा चंदर! शिमग्याला कोळ्याचं पोर घरी येतं यात नवल नाही. पण हा धाकटा दिवटा मुंबईहून लाँचमध्ये फटफटी घालून घेऊन आला!

मुंबईत एका शेठच्या मोटारींच्या दुकानात हा दुरुस्तीचं काम करतो. हे मॉडेल म्हणे महिन्यापूर्वीच विलायतेहून उतरलं. शेठने सांगितलंय - आठ दिवस वाईट रस्त्यावर चालव, गाडी कशी वाटली ते दोन पानं लिहून आण. चंदरचं लिहिणं म्हणजे कोंबडीचे पाय. तेव्हा, "दादा, तुजा अक्षर सुरेख हाय. तूच लिव."

लिहितो ना. अगदी मनापासून लिहितो.

५ मार्च, रविवार

सकाळी नीट पाहून घेतली. काळी कुळकुळीत, टाकीवर लाल रेघ. धुराच्या दोन नळ्या, दोन्ही चांदीसारख्या घासलेल्या. एक पुरली नसती का? हँडल इतकं खाली की चालवणाऱ्याने ओणवं व्हायचं. गिअर पायाने बदलतात. ताशी ऐंशी मैलांनी पळते म्हणे. आमच्या रस्त्यावर बैल सुद्धा वाट बघून पाय टाकतो, तिथे ऐंशी मैल!

पण माझा राग गाडीवर नाही, ती चालवणाऱ्या माणसावर आहे. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलणार?

आमच्या होडीवर बा कानाचा माणूस. घोळ मासळी पाण्याखाली घुमते. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला बसायचं, वल्हं पाण्यात सोडायचं आणि त्याच्या मुठीला कान लावायचा. ऐकू आलं की बोट वर - मग जाळं. तीस वर्षं बाच्या बोटावर चार घरं जेवली. मला बाराव्या वर्षी बसवलं. मला माझंच रक्त ऐकू आलं, मग ओकारी आली. चंदर नऊ वर्षांचा असताना त्याने पहिल्या खेपेलाच बोट वर केलं. मला अक्षर मिळालं, त्याला कान. हेवा वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

आणि तो कान घेऊन हा दोन वर्षांपूर्वी मुंबईला पळाला! तेव्हापासून जाळी रिकामी. होडी हाकणारा तांडेल बाबाजी म्हणतो, घोळीनेच वाट बदलली. पण आता त्याचाही धीर सुटलाय. काल म्हणाला, चंदर वल्ह्यावर बसत असेल तर ठीक, नाहीतर पाडव्यानंतर दिघीहून भाच्याला आणतो.

म्हणजे आमच्या घरातून वल्हं जाणार. चंदरला सांगितलं तर तो चाकाच्या तारा पुसत राहिला.

७ मार्च, मंगळवार

मागे बसलो. अभिप्राय द्यायचा तर बसायला नको?

ओहोटी होती म्हणून किनाऱ्यावरून नेली. बैठक लाकडाची असती तर बरी, असं वाटायला लावणारी. पहिल्या फर्लांगातच टोपी समुद्रात. तोंड उघडलं की वाळू, मिटलं की दात दातांवर आपटतात. वळताना ती आडवी होते - आणि चंदर हसतो! बोंबील वाळत घातलेल्या वलांडीचा एक बांबू आम्ही सोबतच घेऊन गेलो. आईने - नीराबाईने - मास्तर झालेल्या मुलाला सगळ्या कोळीवाड्यासमोर ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही.

उतरल्यावर अर्धा तास कानांत भुंगा. चंदरला दोनदा हाक मारली तेव्हा त्याने वळून पाहिलं. त्याच वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे यंत्र ह्याचा कान खाणार! राहिलेला असेल तर.

८ मार्च

अभिप्रायाचं पहिलं वाक्य झालं: "ही गाडी सभ्य माणसाने घेऊ नये." पुढचं सुचत नाही, कारण अंगणात ती सुरू आहे.

९ मार्च, गुरुवार

बाचं काय करावं!

गाडी सुरू झाली की कुत्री पळतात, बाया कानांवर पदर घेतात. आणि हा म्हातारा शेजारी पाट मांडून बसतो. टाकीवर तळहात ठेवतो, डोळे मिटतो, हसतो. बंद केली की चंदरला बोटाने खूण - पुन्हा.

हाच माणूस होडीत कुणाला खोकू देत नसे. माझ्या हातून एकदा तांब्या पडला तर थोबाडीत दिली होती. आज न राहवून मागे उभा राहून बोललो - बा, ही तुझ्या वल्ह्याची सवत आहे, तिला काय कुरवाळतोस? वळून पाहिलं सुद्धा नाही. मास्तर असलो तरी मला उत्तर द्यायच्या लायकीचा तो धरत नाही. कधीच धरलं नव्हतं.

१० मार्च, शुक्रवार

झालं. जे व्हायचं ते झालं.

बाबाजीने आज चंदरला हट्टाने होडीत घातलं. नाळेवर बा आणि चंदर, दोघं दोन वल्ह्यांना कान लावून. दुपारी होडी आली ती रिकामी. बाबाजी सांगत होता - बाने नाही म्हणून मान हलवली, चंदरला विचारलं, तोही म्हणाला, "मनाबी काय आयकू येत न्हाय."

ऐकू येत नाही! नऊ वर्षांच्या पोराला येत होतं ते तेवीस वर्षांच्या घोड्याला येत नाही. कुणी घालवलं? त्या दोन चांदीच्या नळ्यांनी.

शाळेत बसून एका बैठकीत दोन पानं लिहिली. पहिलं पान गाडीचं. दुसरं चंदरचं. लिहिलं की हा इसम गाडी बेफाम हाकतो, वाळूत घालतो, याला कानाने कमी ऐकू येतं, यंत्रातला बिघाड याला कळणार नाही, मोलाची गाडी याच्या हाती देणं धोक्याचं आहे. खाली सही - सहायक शिक्षक. चंदरच्या हाती दिलं नाही. सरळ टपालवाल्याच्या पिशवीत.

नोकरी गेली की येईल घरी. इथे शांततेत कान सुधारेल. त्याच्या भल्यासाठीच केलं. अक्षर मात्र सुरेख आलं होतं.

११ मार्च, शनिवार, होळी

घडलं तसं लिहितो.

संध्याकाळी होळीपाशी सगळा वाडा. बा पाठमोरा बसून दोरी वळत होता. त्याच्या मागे चार हातांवर पोरांनी दारू ठासून उखळी उडवली. मी दचकलो, बाबाजी दचकला, पाळण्यातलं मूल रडलं. बाच्या हातातली दोरी थांबली नाही. एक पीळ, मग दुसरा पीळ.

मी बघतोय हे आईने बघितलं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "कललं ना? आता गप ऱ्हा."

चंदरला वलांडीमागे ओढून नेलं. त्याने सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी होडीत त्याला घोळ ऐकू आली आणि बा म्हणाला, न्हाय. पुढच्या खेपेलाही तसंच. हा बोलला असता तर सगळ्या होडीला कळलं असतं. म्हणून हा मुंबईला निघून गेला. काल पाण्याखाली देवळातल्या घंटेसारखी घोळ घुमत होती, म्हणाला. तरी "न्हाय" म्हणाला. पाडव्याला बा वल्हं आपण होऊन देवळात ठेवणार आहे. म्हातारा झालो म्हणेल, बाबाजी नारळ देईल, वाडा पाया पडेल. मग दिघीचा भाचा येवो नाहीतर कोण.

"आनि ही फटफटी?" मी विचारलं.

"शेठनं दुसऱ्याला दिली व्हती. मीच मागून घेतली. बाला दोन वरसं कसलाबी आवाज न्हाय, दादा. तिच्यावर हात ठेवला की त्याला आयकू येतं."

पत्राचं मी सांगितलं नाही.

१२ मार्च, धुळवड

अलिबागेस चालत गेलो. टपालाची पिशवी कालच रेवसहून मुंबईला गेली. पोस्टमास्तरने माझ्या तोंडाला रंग लावला, मी लावू दिला.

१३ मार्च

चंदर गेला. फटफट टेकडीआड जाईपर्यंत बा वाटेवर उभा होता - डोळ्यांनी ऐकत. माझ्याकडे दोन कोरी पानं होती, त्यांवर मी गाडीची तोंडभर स्तुती लिहून चंदरच्या खिशात घातली. काय उपयोग?

१७ मार्च, शुक्रवार

चंदर परत आला. पायी. पत्र शेठने त्याला दाखवलं होतं. शिवी नाही, जाब नाही. पाय धुतले आणि म्हणाला, "अक्षर सुरेख आलंय, दादा."

त्याने मला मारलं असतं तर आज झोप लागली असती.

२० मार्च

बाबाजी त्याला रोज होडीत घालतो. आता नाही कसं म्हणणार, घरीच तर आहे. तीन दिवस चंदर "न्हाय" म्हणून येतो. काल बाबाजीच्या घरी चूल पेटली नव्हती. पाडव्याला सात दिवस.

२२ मार्च, बुधवार

होडी घोळीने काठोकाठ भरून आली. बा जिथे "न्हाय" म्हणाला, तिथेच चंदरने बोट वर केलं. पुळणीवर सगळा वाडा, नाच, गाणी. बाबाजीने माझ्या पाठीवर थाप दिली - "मास्तर, त्याची नोकरी गेली ती बरी झाली." मग त्याची नजर बाकडे गेली. सगळ्यांचीच गेली, नाच थांबला. बा कुणाकडे न बघता घरी आला. गाडी उभी असायची तिथे अंगणात तेलाचा डाग आहे. त्यावर तळहात ठेवून बसलाय.